काजू संपण्यापूर्वी

भाचीला बँकेच्या मुलाखतीचं बोलावणं आलं आणि घराण्यातली माझी पत एकदम वधारली. एरवी दुधाच्या पिशव्या आणणं आणि गॅसचा नंबर लावणं एवढ्याच बाबतींत मला तज्ज्ञ मानतात. पण परवाच्या रविवारी सकाळी साडेनऊला ती डोंबिवली पश्चिमेहून पूर्वेला, म्हणजे जवळजवळ परदेशातून, वही-पेन घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, तू पॅनेलवर बसायचास ना? मला सगळं सांग."

निवृत्त माणसाला "सगळं सांग" असं कधी म्हणू नये. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत पस्तीस वर्षं काढली. १९८३ साली टेबलाच्या अलीकडे बसून घाम पुसला आणि शेवटची सात-आठ वर्षं पलीकडे बसून दुसऱ्यांना घाम फोडला. दोन्ही बाजूंनी बघितल्यावर माझं असं मत झालं आहे की त्या खोलीत घाबरलेला माणूस एकच असतो हे खरं, पण तयारी न करता आलेले तीन-चार असतात आणि ते सगळे पलीकडच्या बाजूला बसलेले असतात.

मी खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला आणि म्हटलं, "पहिली गोष्ट. आत गेलीस की टेबलावरचे काजू बघ."

तिने वहीत "१. काजू" असं लिहिलं. क्लासला जाणाऱ्या मुलांचं हे असं असतं. काहीही सांगा, लिहून घेतात.

तर हे काजू. मुलाखतीच्या खोलीत पॅनेलपुढे एक प्लेट ठेवलेली असते. सकाळी दहाला तिच्यात काजू असतात, खारे बदाम असतात, क्रीमची बिस्किटं असतात. त्या वेळी पॅनेलसुद्धा ताजंतवानं असतं. येणाऱ्या प्रत्येक मुलात त्याला उद्याचा जनरल मॅनेजर दिसतो. अकरापर्यंत काजू संपतात. साडेअकराला क्रीमची बिस्किटं जातात. बारानंतर प्लेटमध्ये उरतात ती मारी बिस्किटं आणि थोडा चुरा. साडेबाराला पॅनेलमधला प्रत्येकजण उमेदवाराच्या खांद्यावरून दाराकडे बघत असतो, कारण जेवणाचं सांगायला शिपाई त्याच दारातून येणार असतो. उमेदवाराला वाटतं, साहेब दूरदृष्टीने आपल्या भवितव्याकडे बघताहेत.

जेवणानंतरची गोष्ट तर विचारूच नका. पुलाव आणि दोन गुलाबजाम झाल्यावर माणूस भारताच्या वित्तीय तुटीबद्दल प्रश्न विचारू शकतो, पण उत्तर ऐकू शकत नाही.

हा माझा एकट्याचा शोध असावा असा माझा समज होता. पण २०११ साली इस्रायलमध्ये पॅरोलचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधीशांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खाण्याच्या सुट्टीनंतर लगेच ज्यांचा नंबर लागला त्यांच्यापैकी सुमारे ६५ टक्के कैद्यांना अनुकूल निकाल मिळाला आणि सुट्टी जवळ येईल तसतसं ते प्रमाण शून्याजवळ गेलं, असं त्यात होतं. पुढे इतर संशोधकांनी त्यावर शंका घेतली. वकील नसलेल्या कैद्यांचे अर्ज बहुधा शेवटी येत, त्यामुळे दोष भुकेचा की क्रमाचा हे सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण त्या संशोधकांनी आमच्या झोनल ऑफिसातली प्लेट पाहिलेली नाही.

"पण मामा, नंबर कधी लागणार ते माझ्या हातात थोडंच आहे?"

"नाही. नऊला बोलावतात, कागदपत्रं तपासतात आणि बसवून ठेवतात. तुझ्या हातात एवढंच आहे की प्लेट भरलेली असेल तर उत्तर दोन वाक्यं लांब दे, रिकामी असेल तर आखूड दे."

हे तिने अधोरेखित केलं.

मग तिने क्लासच्या नोट्स काढल्या. चाळीस प्रश्न आणि चाळीस उत्तरं, इंग्रजीत, टाइप केलेली. बँक अधिकाऱ्यांच्या या सामाईक भरतीत मुलाखत १०० गुणांची असते. त्यात निदान ४० मिळावे लागतात, राखीव गटांतल्यांना ३५. शेवटच्या यादीत मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असं वजन. म्हणजे मुलाखतीत शेजारणीपेक्षा दहा गुण जास्त पडले तर यादीत फरक पडतो दोनाचा. पण तिथे दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर पोरं आत-बाहेर होतात, त्यामुळे दोन म्हणजे पुष्कळ. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंदच करून टाकल्या. वशिल्याला वाव राहू नये, हे त्यामागचं एक कारण. 'मुलाखत' हा शब्द मूळचा अरबी, अर्थ नुसताच 'भेट'. 'वशिला'ही तिकडूनच आला. दोघे एकाच जहाजातून उतरले असावेत.

क्लासचा पहिला प्रश्न होता, "स्वतःबद्दल सांगा." आणि उत्तराची सुरुवात "मायसेल्फ" अशी होती.

याला मी त्या क्लासला फार दोष देत नाही. मराठी घरात मुलाला बावीस वर्षं एकच शिकवलेलं असतं: स्वतःबद्दल बोलू नये. पाहुण्यांसमोर 'मी पहिला आलो' म्हटलं तर आई डोळे वटारते. नंबर वडिलांनी सांगायचा, तोही "ठीक आहे, पास झाला" अशा आवाजात. आणि तेविसाव्या वर्षी अचानक तीन अनोळखी माणसं म्हणतात, चल, सांग बरं स्वतःबद्दल, तेही कौतुकाने. मुलगा गांगरतो आणि वडिलांवर घसरतो. माय फादर इज इन सर्व्हिस, माय मदर इज हाउसवाइफ, आय हॅव वन यंगर सिस्टर. दीड मिनिटाच्या उत्तरात तो स्वतः शेवटच्या पाच सेकंदांत येतो.

"हे सगळं त्यांच्यासमोरच्या कागदावर लिहिलेलं असतं," मी म्हटलं. "कागदावर नाही ते सांग. दीड मिनिटाच्या वर बोलू नकोस आणि इंग्रजी अडलं तर हिंदीत ये, चालतं. पण अर्धं वाक्य इंग्रजीत आणि उरलेलं छताकडे बघत, असं करू नकोस. तुझ्या फॉर्मवर छंद काय लिहिलेत?"

"वाचन, संगीत, प्रवास."

"कुठला प्रवास?"

"डोंबिवली ते ठाणे." जरा थांबून ती म्हणाली, "रोज."

छंद या रकान्याबद्दल मला जिव्हाळा आहे, कारण माझी पहिली मुलाखत त्याने बुडवली. मी सोलापूरचा. फॉर्म भरताना 'वाचन' लिहिलं आणि रकाना फारच मोकळा दिसू लागला म्हणून पुढे 'पोहणे' लिहिलं. आमच्या गल्लीत तेव्हा नळाला पाणी दिवसाआड यायचं, तेही बादलीभर. त्यात पोहण्यासाठी मासोळीचाच जन्म घ्यायला हवा होता. आणि पॅनेलवर निघाले एक मालवणकडचे गृहस्थ. माझा फॉर्म बघून त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"खंय शिकलात? म्हणजे, कुठे शिकलात पोहायला?"

"विहिरीत, सर."

"किती पुरुष खोल?"

मी विहिरीची खोली 'पुरुषां'त मोजतात हे ऐकून होतो. अंदाजाने "सहा" म्हटलं. त्यांचे डोळे चमकले. सूर मारता का, म्हणाले. मारतो म्हटलं. मग सूर मारल्यावर वर येताना श्वास कधी सोडता, नाकाने की तोंडाने? मी आयुष्यात प्रथमच श्वास धरून बसलो होतो. शेवटी सोडला आणि म्हटलं, "सर, मी काठावर बसून दुसऱ्यांना पोहताना बघितलंय." सगळे हसले. मालवणकर सर्वांत जास्त हसले. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. पुढच्या वर्षी नुसतं 'वाचन' लिहिलं आणि नशीब असं की त्यांनी विचारलेलं पुस्तक मी खरोखर वाचलं होतं.

भाचीला म्हटलं, संगीत आणि प्रवास खोड. घरी आल्यावर रोज काय करतेस? झोपते, म्हणाली. त्याच्या आधी? झाडांना पाणी घालते. किती कुंड्या आहेत? चौदा. मग तो छंद नाही का? "तो काय छंद? ते काम आहे. आई सांगते म्हणून करते." पोरीने वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केलेलं आहे. चौदा कुंड्या वाढवते आणि फॉर्मवर लिहिते 'संगीत', कारण कानात ठाण्यापर्यंत गाणी चालू असतात.

आपल्या पोरांना आपल्या घरातलं, गावातलं काहीही सांगण्यासारखं वाटत नाही, हे मी पॅनेलवर बसून शेकडो वेळा पाहिलं. क्लासने दिलेलं ते सोनं आणि घरचं ते पितळ. याला अपवाद असलेला एक मुलगा मला अजून आठवतो. २०१२-१३च्या सुमारास असेल. वेळ दुपारी अडीचची, गुलाबजामनंतरची. आमच्यातले एकजण चष्म्याआड पूर्ण झोपलेले होते. मुलगा बुटका, शर्ट ढगळ, इंग्रजी यथातथा. दोन प्रश्नांची उत्तरं त्याला आली नाहीत. आटोपतं घ्यावं म्हणून मी विचारलं, गाव कुठलं? म्हणाला, सांगलीजवळ हरिपूर. हरिपूरला काय आहे?

"हळदीची पेवं आहेत, सर."

एवढं बोलून तो थांबला. पुढचं विचारायला हवं होतं आणि सुदैवाने मी विचारलं. मग तो बोलू लागला, हिंदीत, मधून मधून मराठीत. कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळची आमची जमीन, तिथली माती अशी की खोल खड्डा खणला तरी बाजू ढासळत नाहीत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत कोठारासारखी जागा. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडलं की लगेच उतरायचं नाही, सर. आत हवा वाईट असते. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल.

चष्म्याआडचे गृहस्थ जागे झाले. "मग या मालावर बँक कर्ज देईल?" त्यांनी विचारलं. पोरगा म्हणाला, "देत होते, सर. पण २००५च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि पुष्कळ माल गेला. मी बँकेत असतो तर कर्ज देताना पेव नदीपासून किती लांब आहे आणि विमा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघितलं असतं." तारण, जोखीम आणि विमा! कर्जवितरणाच्या आमच्या प्रशिक्षणात जे तीन दिवस शिकवतात ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. त्याला रेपो दर चुकला होता. तो सुधारता येतो. आम्ही त्याला भरघोस गुण दिले आणि तो बाहेर गेल्यावर अर्धा तास पेवांवरच बोलत बसलो. त्या अर्ध्या तासामुळे बाहेर बसलेल्या पुढच्या मुलीची अवस्था काय झाली असेल, याचा विचार मी आत्ता लिहिताना पहिल्यांदा करतो आहे.

निवृत्तीनंतर मी या विषयावरचं थोडं वाचलं. १९९८ साली श्मिट आणि हंटर या दोघा अमेरिकनांनी नोकरभरतीवरच्या पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीवरून माणूस पुढे कसं काम करील याचा अंदाज बरा येतो, ऐसपैस गप्पांवरून कमी येतो, असं त्यात निघालं. आमच्याकडे सगळा मामला ऐसपैस होता. माझे एक सहकारी प्रत्येकाला नावाचा अर्थ विचारत, दुसरे न चुकता कळसूबाईची उंची विचारत. (१६४६ मीटर. मला झोपेतही येते, कारण ती मी त्यांच्या शेजारी बसून दिवसाला वीस वेळा ऐकली.) हे भाचीला सांगितलं नाही. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पोरांचा व्यवस्थेवरचा विश्वास ढळू देऊ नये.

क्लासच्या नोट्समध्ये एक वाक्य मात्र सोन्याचं म्हणून चौकटीत छापलं होतं. उत्तर न आल्यास म्हणावं: सॉरी सर, आय अॅम नॉट एबल टू रिकॉल अॅट धिस मोमेंट. हे वाक्य मी पुरेपूर ओळखतो. एका मुलीला सहज विचारलं होतं, आईचं माहेर कुठलं? घाबरलेल्या पोरीने ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

त्यापेक्षा सरळ 'माहीत नाही, सर' म्हणावं. एडिसनला मोठा शोधक मानतात, पण नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांचा त्याने छळ मांडला होता. सुमारे दीडशे प्रश्नांची परीक्षा घ्यायचा. १९२१ साली ते प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले. पेपरफुटीला परंपरा आहे ती अशी. नेमका तेव्हाच आइनस्टाइन अमेरिकेत आला होता आणि बॉस्टनमध्ये कुणीतरी त्यालाच त्यातला एक प्रश्न टाकला: ध्वनीचा वेग किती? तो म्हणाला, आत्ता सांगता येणार नाही, पुस्तकात सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही.

"वा! हे वापरू?" भाचीने विचारलं.

"आइनस्टाइनला एडिसनकडे नोकरी नको होती," मी म्हटलं. "तुला हवी आहे. कर्जाचा हप्ता किती दिवस थकला की खातं अनुत्पादक होतं?"

"नव्वद."

"ठेवीला विम्याचं संरक्षण किती?"

"पाच लाख."

"एवढं आलंच पाहिजे. रेपो दर आदल्या रात्री बघून जा, तो बदलतो. बाकी कळसूबाई वगैरे आलं तर आलं. नाही आलं तर दोन शब्दांत कबूल कर आणि कसनुसं हसू नकोस. सगळ्यात वाईट काय, तर माहीत नसताना ठोकून देणं. पलीकडच्याला एक ठोकाठोकी सापडली की तो काजू सोडून तुझ्यामागे लागतो."

मग आला दोषांचा प्रश्न. तुमच्यातला एक दोष सांगा. नोट्समध्ये उत्तर: मी परफेक्शनिस्ट आहे. आमच्या पॅनेलवर आम्ही कागदाच्या कोपऱ्यात या उत्तराच्या रेघा ओढत असू, पत्त्यांच्या डावात गुण मांडतात तशा. एका दिवशी अकरा परफेक्शनिस्ट आले. त्यातल्या चौघांनी फॉर्मवर स्वतःच्या तालुक्याचं स्पेलिंग चुकवलं होतं. दोष म्हणून गुण सांगू नये, तसाच खराखुरा भयंकर दोषही सांगू नये. "मला पैसे मोजताना गोंधळ होतो" असं एकाने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. बँकेत. मला त्याला उठून मिठी मारावीशी वाटली, पण नोकरी देववेना.

तिची खरी धास्ती वेगळीच होती. वनस्पतिशास्त्र शिकून बँकेत कशाला, असं विचारतील. विचारतातच. इंजिनिअरांना तर हमखास विचारतात आणि ते हमखास ग्रामीण भारताची सेवा करायची आहे असं सांगतात. त्यावर पॅनेलने "मग पहिली नेमणूक गडचिरोलीला दिली तर?" म्हटलं की सेवा थोडी पुण्याकडे सरकते. एक मेकॅनिकलवाला मात्र बेरकी होता. तो म्हणाला, "सर, नोकरी पक्की असते म्हणून आलो, हे पहिलं. दुसरं असं, की कारखानदाराने नवीन मशीन म्हणून दाखवलेलं जुनंच रंगवलेलं आहे का, हे मला रंग खरवडल्याशिवाय कळतं. तुमच्या किती अधिकाऱ्यांना कळतं?" शेवटचा प्रश्न जरा आगाऊ होता. पण माझ्या आधीच्या शाखेत तसंच एक रंगवलेलं मशीन गहाण पडलेलं होतं, त्यामुळे मी मान खाली घालून गुण दिले.

"तुझं मशीन म्हणजे पीक," मी भाचीला म्हटलं. "द्राक्षबागेच्या कर्जाची पाहणी करायला गेलीस. शेतकरी म्हणतो, बाग झकास आहे. तू पान उलटून बघशील ना?"

"भुरी आहे की केवडा ते बघीन. भुरी पिठासारखी दिसते, केवडा पानाच्या खालून असतो आणि वर पिवळे डाग पडतात." एवढं बोलून तीच चपापली. "हे बोलायचं?"

"हेच बोलायचं."

मध्येच ताईचा फोन आला. साडी नेसू दे का ड्रेस घालू दे, मोत्याचे कानातले चालतील का, केस बांधायचे की कसे. मी म्हटलं, "ताई, अगं नोकरीला चाललीये, बघायला येणार नाहीत तिला." त्यावर, तुला बायकांचं काही कळत नाही, असा शेरा मारून तिने फोन ठेवला. कपड्यांबद्दल माझा सल्ला एकच आहे आणि तो डोंबिवलीकरांपुरता आहे: मुलाखतीचे कपडे घालून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढू नये. माझ्या १९८३च्या टायची गाठ मेव्हण्याने बांधून दिली होती. लोकलमध्ये ती कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकून सुटली. व्ही.टी.च्या फलाटावर मी तीन अनोळखी सभ्य गृहस्थांना टाय बांधता येतो का विचारलं. तिसऱ्याला येत होता, पण त्याला तो स्वतःच्याच गळ्यात बांधता येत होता. त्याने माझा टाय स्वतःच्या गळ्यात बांधला, सैल केला, काढून माझ्या गळ्यात घातला आणि "बेस्ट लक" म्हणून निघून गेला. इस्त्रीचा शर्ट पिशवीत न्यावा, मूळ प्रमाणपत्रं आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवावीत आणि बूट नवे असतील तर आधी चार दिवस घरात घालून फिरावं. शांत खोलीत दारापासून खुर्चीपर्यंत कुर्रकुर्र आवाज करत येणारा उमेदवार बसेपर्यंत पॅनेलने ओठ दाबून धरलेले असतात.

हल्ली खाजगी कंपन्यांत घरबसल्या मुलाखती होतात, त्यात बुटांचा प्रश्न नाही. माझ्या पुतण्याने हिंजवडीतल्या नोकरीची मुलाखत मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून दिली. समोरच्यांना पाऊण तास त्याच्या नाकपुड्या दिसत होत्या आणि मागून माझी वहिनी तीन वेळा वाळलेले कपडे घेऊन गेली. वर शर्ट-टाय, खाली बर्म्युडा. चार्जर आणायला उठला तेव्हा तेही उघड झालं. तरी निवड झाली. मग अपेक्षित पगार विचारला तर हा म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल तो द्या." 'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि अजून आपल्याला तो परका वाटतो, मोठ्याने उच्चारवत नाही. त्यांनी त्यांना योग्य वाटला तो दिला. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने आकडा सांगितला होता, त्याला तो मिळाला. बँकेत ही भानगड नाही. तिथे वेतनश्रेणी छापील असते, त्यामुळे लाजायला जागाच उरत नाही.

निघताना भाचीने विचारलं, "शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हणाले तर?"

निकाल कधी, असं विचारू नये, कारण ते पॅनेलला माहीत नसतं आणि तसं सांगताना वाईट दिसतं. एकाने आम्हाला कँटीन कसं आहे असं विचारलं होतं. त्याला मी मनातल्या मनात पूर्ण गुण दिले. पण एका मुलीने विचारलेलं विसरता येत नाही. ती म्हणाली, "सर, तुम्हा तिघांना या नोकरीत सगळ्यात जास्त काय आवडलं?" तीस-पस्तीस वर्षं नोकरी झालेली आम्ही तीन माणसं एकमेकांकडे बघत राहिलो. पंख्याचा आवाज येत होता. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पेन्शन." दुसऱ्यांनी मान हलवली. मला काही सुचेना. मी मारी बिस्किट उचललं.

मुलाखत झाली. संध्याकाळी भाची पेढे न आणता, पण हसत आली. चौथ्या नंबरला बोलावणं होतं, प्रत्यक्षात नंबर सव्वाबाराला लागला. नव्वद दिवस कुणी विचारले नाहीत. पाच लाख विचारले नाहीत. भारतातल्या सेमीकंडक्टर धोरणावर एक प्रश्न आला, त्याला तिने "माहीत नाही, सर" म्हटलं आणि ते पुढे गेले. मग वनस्पतिशास्त्र आणि बँक. तिने भुरी आणि केवडा सांगितला. त्यावर पॅनेलवरच्या मॅडम पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गच्चीवरच्या जास्वंदीला पांढरं कापसासारखं काहीतरी लागलंय. ते काय असतं?"

"पिठ्या ढेकूण, मॅडम."

"आणि घालवायचं कसं?"

पुढची सहा मिनिटं साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल आणि लागण झालेल्या फांद्या छाटून लांब टाकाव्यात की जाळाव्यात यावर चर्चा झाली. अध्यक्षांच्याही घरी जास्वंद निघाली. मॅडमनी प्रमाण लिहून घेतलं, लिटरला किती तेल ते. गुण देण्याच्या कागदावर की दुसऱ्या कागदावर, हे तिला खुर्चीवरून नीट दिसलं नाही.

"ते सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "प्लेटमध्ये काय होतं?"

"मामा, प्लेटवर रुमाल झाकलेला होता."

माझ्या सात-आठ वर्षांच्या कारकिर्दीत कुणी प्लेट झाकून ठेवली नव्हती. नवीन परिपत्रक निघालं असेल.

"मग तू काय केलंस?"

"काही कळेना. मग सगळी उत्तरं मध्यम लांबीची दिली."